जावयाच्या मोटारीशिवाय

१२ ऑगस्ट २००७, रविवार

हो म्हणून बसलो. आता निस्तरा!

सकाळपासून हिचा अबोला. चहा आला तो नुसता टेबलावर आपटून. मग एकदम सुरू झाली — "रिटायर होऊन दीड महिना झाला. घरात नुसत्या येरझाऱ्या घालताय, मला स्वयंपाकघरात वळायला जागा नाही. एकदा माझ्या लेकीला बघू द्या. नाहीतर मी एकटी जाते." एकटी जाते म्हणे. ही बाई नाशिकरोडपर्यंत एकटी जात नाही, आणि निघाली इटलीला.

म्हटलं, जाऊ. आठ दिवस. पण त्या फिटर जावयाच्या घरी उतरायचं नाही, तिथे जेवायचं नाही, आणि त्याच्या मोटारीत पाय ठेवायचा नाही. लॉजवर राहू, रेल्वेने फिरू. प्रतिभाला बाहेर भेटू.

"मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, हे माझ्या आईनेही पाळलं," ही म्हणाली. "पण मोटारीत बसू नये हे कुठल्या पोथीत लिहिलंय?"

पोथीत नाही. मला नाही बसायचं, बस.

१३ ऑगस्ट

झोप नीट नाही. ड्यूटी नसली की अंगाला कामाची खोटी सवय राहते — पहाटे उठून डबा शोधला. हिने बघितलं आणि डबा उचलून वरच्या फळीवर ठेवून दिला, हे जास्त लागलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन टीव्हीवर पाहिलं. मग रोशनीकडे गेलो. ती समोरच्या गल्लीत दोन कॉम्प्युटर लावून सायबर कॅफे चालवते, नवरा बाजार समितीत हमालांचा मुकादम. तिने प्रतिभाच्या गावाचा, जेनोवाचा नकाशा काढून दिला. समुद्र, बंदर, मागे डोंगर, आणि डोंगर-समुद्राच्या मधून पट्टीने ओढल्यासारखी रेल्वे. पाहिला आणि जीव जरा थाऱ्यावर आला. असल्या गावात मोटार कशाला लागते? ज्याला टाइमटेबल वाचता येत नाही त्याला.

"काका, तिथे तुमची मुलगी आहे ना, तिलाच का नाही विचारत?" रोशनीने विचारलं.

म्हटलं, प्रिंट काढ.

१९ ऑगस्ट, रविवार

प्रतिभाचा फोन. नेहमीप्रमाणे हिने घेतला, मी पेपर धरून बसलो. एकच बातमी चारदा वाचली, काय होती सांगता येणार नाही.

हिने माझ्या अटी सांगितल्या. मला वाटलं पोरगी चिडेल, रडेल, निदान विचारेल की आप्पांनी हे काय काढलं. तर नाही. लगेच म्हणाली म्हणे, "बरं होईल आई. लॉजच बघा. गाडी नकोच, इथे रेल्वे छान आहे."

एवढं चटकन? म्हणजे आम्ही नको आहोत त्यांना घरात. मी नाही म्हणालो हे वेगळं, त्यांनी नको म्हणणं वेगळं. दिवसभर डोकं फिरलेलं.

२० ऑगस्ट

कुणापाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो.

चार वर्षांपूर्वी तो इटलीहून विंचूरला वाइनच्या एका कारखान्यात बाटल्या भरायचं मशीन बसवायला आला. प्रतिभा तिथे ऑफिसात. एकदा घरी घेऊन आली. चहा प्यायला, पोह्यांची बशी चाटूनपुसून साफ केली, दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मलाही बरा वाटला, खोटं कशाला बोलू. मशीन बसलं, आणि तीन महिन्यांनी हे दोघं रजिस्टर लग्नाचा अर्ज देऊन मोकळे! मला विचारलं नाही. सांगितलं. विचारणं आणि सांगणं यातला फरक एवढी शिकलेली मुलगी विसरते?

लग्नाच्या दिवशी मी मनमाडहून मालगाडी घेऊन भुसावळला गेलो. गार्डच्या डब्यात एकटा. ही गेली होती लग्नाला, भावाबरोबर. तेव्हापासून मी प्रतिभाशी बोललेलो नाही. ती दर रविवारी फोन करते, मी दर रविवारी पेपर वाचतो.

२६ ऑगस्ट

आठवडा बसवला! नकाशा भिंतीला चिकटवला, हिने कॅलेंडर काढून जागा दिली. म्हणजे तितकी नाराज नाही.

उतरायचं ब्रिन्योले स्टेशनाजवळ. पहिल्या दिवशी काही नाही, पाय मोकळे. दुसऱ्या दिवशी नेर्वीला, समुद्राच्या कडेने नुसती चालायची वाट आहे, वाहन शिरूच शकत नाही. मग एक दिवस कामोली — जाताना रेल्वे, येताना बोट. एक दिवस डोंगरावर जाणारी छोटी गाडी, आपल्या माथेरानसारखी. (गाडी म्हणजे माझ्या तोंडी कायम रेल्वेच. त्याची ती मोटार.) आणि गावातच म्हणे सार्वजनिक लिफ्ट आहेत, खालच्या रस्त्यावरून वरच्या रस्त्यावर नेणाऱ्या, बसचंच तिकीट चालतं. तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये खटकन छापून घ्यायचं, नाहीतर दंड. मला हे फार आवडलं.

हिला सगळं बोट ठेवून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"यात प्रतिभा कुठे आहे?"

म्हटलं, येईल ना ती. रोज ज्या स्टेशनवर असू तिथे येईल.

"म्हणजे पोरगी फलाटावर भेटणार."

मी नकाशाचा सुटलेला कोपरा चिकटवत बसलो.

२ सप्टेंबर

फोन आला. हिने विचारलं, जावयांना दे जरा, दोन शब्द बोलते. प्रतिभा म्हणाली, कामावर गेलाय. रविवारी? ज्या देशात रविवारी दुकानं उघडत नाहीत तिथे याला रविवारी काम. बोलायचं नाही म्हणून सरळ सांग की. मी पेपरामागून हिला म्हणालो, बघ, मोटारीचा माज.

हिने रिसीव्हर हाताने झाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी गॅलरीत गेलो.

प्रतिभाने एका बेकरीत काम धरलंय. पहाटे जाते. कशाला? नवरा एवढा मोठा मशीनवाला ना?

९ सप्टेंबर

फोनवर तिने हिला विचारलं, आठच दिवस का? अजून थोडे राहा की. मागच्या महिन्यात लॉज बघा म्हणत होती, आता राहा म्हणते. या पोरीचं मला काही कळत नाही. लहानपणी कळायचं.

१३ सप्टेंबर

धोंडीराम आला होता, हिचा भाऊ. मखमलाबादला झेंडूचा मळा आहे त्याचा. गणपतीसाठी फुलं घेऊन आला, पाटी खाली ठेवायच्या आधी भिंतीवरचा नकाशा बघितला.

"दाजी, ह्ये काय? जावई हाय ना तिथं? त्याची गाडी हाय ना?"

हिने त्याला सगळं सांगितलं. माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखं. तो हसला नाही. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "लय झालं दाजी आता. पोरगी काय पळून नाय गेली. मला घेऊन गेली व्हती सहीला. साक्षीदार मी हाय."

मला म्हणायचं होतं, तू साक्षीदार झालास म्हणून तर राग जास्त आहे. पण घरात गणपती येणार होता. चहा घे म्हटलं.

१९ सप्टेंबर

मुंबईला जाऊन व्हिसाचे कागद दिले. लॉजचं बुकिंग दाखवलं. खिडकीतल्या बाईने विचारलं, तिथे कोणी नातेवाईक? ही म्हणाली, मुलगी. मी त्याच वेळी म्हणालो, टुरिस्ट. बाईने दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. परतीच्या गाडीत ही खिडकीकडे तोंड करून बसली, इगतपुरीला वडापावसुद्धा नको म्हणाली.

२३ सप्टेंबर, रविवार

आज रंगीत तालीम करायची म्हणून हिला घेऊन निघालो. रिक्षा नाही, काही नाही. पंचवटी कारंजावरून बस, मग चालणं, मग पांडवलेणीच्या पायऱ्या. जेनोवा सगळं चढउताराचं आहे, आत्ताच सवय झालेली बरी.

विसाव्या-पंचविसाव्या पायरीला ही बसली. मी पाच-सहा पायऱ्या वर गेलो होतो. हाक मारली, चल म्हटलं, हात देतो. तर मान हलवली. खाली आलो तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर तळहात दाबून बसली होती, आणि डोळ्यांत पाणी. दुखण्याचं असेल असं मला वाटलं.

"मी लेकीला बघायला चाललेय," म्हणाली. "डोंगर बघायला नाही. तुम्हाला तिच्या दारापर्यंत जायचं आहे आणि जायचंही नाही. म्हणून हे सगळं चाललंय — ही गाडी, ती बोट. मला नका त्यात ओढू. तुम्ही रेल्वेने फिरा खुशाल. मी त्याच्या मोटारीत बसणार आहे. पुढच्या सीटवर."

येताना रिक्षा केली. मीच केली.

२४ सप्टेंबर

बोलत नाही.

२५ सप्टेंबर

गणपती बोळवले. घाटावर ही गर्दीत माझा हात धरून होती, पण बोलत नाही.

३० सप्टेंबर, रविवार

हिने फोनवर प्रतिभाला सांगून टाकलं — "जावयांना सांग, मला मोटारीने फिरवायचं. माझे गुडघे गेलेत. मी तुझ्या घरी येणार, तुझ्या हातचं जेवणार, कोण काय म्हणतं ते म्हणू दे." पलीकडून काय आलं कोण जाणे. ही "हॅलो, हॅलो" म्हणत राहिली. मग "बघू आई" एवढं म्हणून पोरीने फोन ठेवला म्हणे.

ही रिसीव्हर मांडीवर घेऊन बसून राहिली. "माझं येणंही नको झालंय तिला," म्हणाली. "तुमच्यामुळे."

मी तिच्या मांडीवरचा रिसीव्हर उचलून जागेवर ठेवला.

३ ऑक्टोबर

व्हिसा आला. दोघांच्याही पासपोर्टवर शिक्का. दसरा झाला की दोन दिवसांनी निघायचं. हिने पासपोर्ट देवापुढे ठेवले आणि बॅग भरायला घेतली: भाजणी, मेतकूट, कुरडया. सगळं एकाच माणसासाठी. त्या फिटरसाठी काही आहे का, बघितलं. पोह्याचा चिवडा आहे.

मी काय घेऊ? मला काही सुचत नाही. तीन वेळा भद्रकालीच्या बाजारात जाऊन रिकामा परत आलो. तिला काय लागतं आता, मला माहीत नाही. आधी माहीत असायचं — चिंचेच्या गोळ्या.

५ ऑक्टोबर

आज भिंतीवरचा नकाशा बराच वेळ बघितला. ब्रिन्योले, नेर्वी, कामोली. सगळी स्टेशनं पाठ झाली. प्रतिभाचं घर कुठल्या रस्त्यावर आहे ते मात्र नकाशावर मी कधी शोधलं नाही.

एक विचार आलाय. ही मोटारीने जाऊ दे. मी रेल्वेने जातो. दोघं एकाच जागी पोचू, सगळे तिथे एकत्र जेवू, बाहेर कुठेतरी. म्हणजे तिचे गुडघेही राहतील आणि माझंही राहील. पण हे त्याच्याशी बोलून ठरवावं लागेल, निदान प्रतिभाशी. हिला सांगायला सांगितलं तर म्हणाली, "मी नाही आता तुमचे निरोप पोचवणार. तोंड आहे ना तुम्हाला?"

आहे. रविवारी मी फोन घेईन. काय बोलायचं ते मनात जुळवतोय. आधी 'कशी आहेस' म्हणायचं की सरळ मुद्द्यावर यायचं? साडेतीन वर्षांनी 'कशी आहेस' विचारायला लाज वाटते.

७ ऑक्टोबर, रविवार

बोललो. ही मखमलाबादला गेली होती, बरं झालं.

मी "कशी आहेस" म्हटलं नाही. पहिल्याच दमात म्हणालो, आईला मोटारीने न्यायचं, जावयांना सांग. मग म्हणाली, "मोटार तोच घेऊन गेला, आप्पा." मागच्या दसऱ्याला. तोरीनोला असतो, दुसऱ्या बाईबरोबर. वर्ष झालं, पोरगी तिथे एकटी आहे.

मी म्हणालो, आम्हाला का नाही सांगितलंस?

"कुणाला सांगणार होते?"

ती रडत नव्हती. मीच. तिला म्हटलं, लॉज रद्द करतो, आम्ही तुझ्याकडेच उतरणार, तू म्हणशील तितके दिवस. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "चौथा मजला आहे, आप्पा. लिफ्ट नाही. आईचे गुडघे..."

म्हटलं, बसत-बसत चढू.