कलेचा रकाना

२ सप्टेंबर, बुधवार

गेले! कान गेले. डॉक्टरने आलेखाचा कागद पुढे सरकवला. रेघ डावीकडे जेमतेम होती, उजवीकडे मात्र कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. "वरचे सूर आता यायचे नाहीत, आजोबा. बोलणं ऐकायला यंत्र लावा, त्याचा उपयोग होईल."

"आणि सूर लावायला?"

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा हौसेखातर विचारतोय. चाळीस वर्षं लोकांचे पियानो नि ऑर्गन सुरात लावून घर चालवलं, मुलगी शिकवली, तिचं लग्न केलं. त्याला ते काय सांगणार!

यंत्र घेतलं. नखाएवढं आहे. घरी हिला सांगितलं, डोळे तपासायला गेलो होतो. "मग नवा चष्मा कुठाय?" — नंबर तोच आहे, म्हटलं. समोर बसून बोललं की ओठांवरून कळतं मला. पाठमोरी बोलली की मी आपला "हं" करतो. लग्नाला सदतीस वर्षं झाली, "हं" खपून जातं.

५ सप्टेंबर, शनिवार

चर्चमध्ये वरच्या सज्जातला ऑर्गन. हे काम एकट्याचं नाही. मी आत नळ्यांच्या गर्दीत, ती बाहेर पट्टी दाबून बसलेली. ती म्हणजे आमची ऑर्गन वाजवणारी, शाळेत शिकवते, माझ्या गेलेल्या मित्राची मुलगी. दोन नळ्या एकत्र वाजल्या की सुरात हेलकावा येतो. नळीच्या टोकाची पत्र्याची कडी ठोकत ठोकत हलवायची. हेलकावा मंदावतो, मग थांबतो. थांबला की सूर जुळला. एवढंच काम, पण ते कानाचं.

पेन्सिलीएवढ्या नळ्या मला केव्हाच ऐकू येत नाहीत. तीन वर्षं तरी झाली. मग कसं लावतो? तिच्या तोंडावरून! पुढच्या मोठ्या नळ्यांच्या फटीतून तिचा चेहरा दिसतो. बेसूर असला की भुवया जवळ येतात. जुळला की सुटतात. मी ठोकत राहतो, भुवया सुटल्या की पुढची नळी. बिचारीला पत्ता नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खाली उतरल्यावर म्हणाली, "काका, छान लागला." मला उगाच बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

६ सप्टेंबर, रविवार

समर्पणाची कार्डं वाटली. दर वर्षी वाटतात. तीन रकाने असतात — वेळ, कला, मालमत्ता. देवाने सोपवलेल्यातलं येत्या वर्षात काय वापराल ते लिहायचं, आणि वीस तारखेला पुढे जाऊन सगळ्यांसमोर स्वतःच वाचायचं. आमच्या मंडळीची ही जुनी रीत आहे. चाळीस वर्षं मी एकच ओळ वाचत आलो. कला: ऑर्गन सुरात ठेवणे. ती वाचताना छाती जरा फुगायची, खोटं कशाला बोलू.

पाळकसाहेबांची दाढी ओठांवर आली आहे, त्यामुळे निम्मं प्रवचन दाढीतच राहतं. उरलेल्यातून कळलं ते असं — आपलं काहीच नाही, आपण फक्त कारभारी, मालक आला की विचारणार. विचारू दे! दिलं त्यानेच, काढून घेतलं त्यानेच. मग विचारायचं मला? धनी वखार रिकामी करून गेला आणि जाब रखवालदाराला!

हे चर्चच्या बाकावर बसून मनात आलं. क्षमा मागावीशी वाटली नाही. हीच जास्त वाईट गोष्ट.

९ सप्टेंबर, बुधवार

न्हाणीघरात कडी लावून यंत्र कानात घातलं. नळाचं पाणी डब्यात खडे ओतल्यासारखं वाजलं. काढलं, हत्यारांच्या पेटीत फ्लॅनेलच्या फडक्याखाली ठेवून दिलं. सूर लावणाऱ्याच्या कानात यंत्र दिसलं की संपलंच!

१२ सप्टेंबर, शनिवार

ऑर्गनवालीच्या शाळेत आज परीक्षा. तिने निरोप धाडला, या शनिवारी राहू द्या. थांबायला हवं होतं. पण वीस तारीख डोक्यात बसलेली. ऑर्गन चोख लागलेला असला की तीच ओळ वाचायला तोंड राहील, असं काहीतरी. म्हणून हिला म्हटलं, "चल, पट्ट्या दाबायला येतेस?"

तिचा विश्वासच बसेना. "मी? वर?" साडी बदलली, केस पुन्हा विंचरले. जिन्यावर म्हणाली (वळून, म्हणून कळलं), "चाळीस वर्षं तुमचे शनिवार इथे गेले. एकदा तरी बघू दे ही सवत कशी दिसते."

पट्ट्या नीट दाबल्या, क्रमात एकदाही चुकली नाही. पण चेहरा! पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत हसरा. प्रत्येक सुराला खूश. मी कडी वर ठोकली तरी हसते, खाली ठोकली तरी हसते. शेवटी मी मनाने ठोकत गेलो. हाताला सवय आहे, म्हटलं, हात चुकणार नाही.

परत येताना तिने माझा हात धरला होता. रस्त्यात सहसा धरत नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

वाट लागली.

मला काहीच ऐकू आलं नाही, पण दिसलं. पहिल्या गीताच्या दुसऱ्याच ओळीला लोकांनी माना वळवून वर पाहिलं. पुढच्या बाकावरच्या शिंपीणबाईने दात दुखल्यासारखं तोंड केलं. एक पोर कानावर हात ठेवून हसत होतं, त्याच्या आईने चापट मारली. मग सगळ्यांच्या माना पुन्हा सरळ झाल्या. ऑर्गनवालीने वरच्या नळ्या बंद करून नुसत्या खर्जावर निभावलं असणार. जमिनीतून ती घरघर माझ्या तळव्यांना लागत होती.

ही शेजारी उभी, मोठ्याने गात होती. तिला सुराचं काही कळत नाही. देवाची कृपा.

दाराशी सगळ्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ हात हातात धरला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

१४ सप्टेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत ऑर्गनवालीच्या शाळेत गेलो. वह्या तपासत होती. मी तोंड उघडण्याआधीच तिने खुर्ची माझ्यासमोर ओढली, उजेडाकडे तोंड करून बसली आणि सावकाश बोलली. तेव्हाच समजायला हवं होतं मला — ती माझ्याशी किती दिवस अशीच बोलते आहे!

"काका, मला ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं. त्या भुवया... मी मुद्दाम करते."

म्हणजे दोन वर्षं ऑर्गन तीच लावत होती. मी नुसता हातोडी. वर चढणारी, धाप लागणारी, स्वतःला कलावंत समजणारी हातोडी. तिचे दोन वर्षांचे शनिवार, आठवड्याचे तीन तास, माझा मान राखण्यात गेले. आणि मी दर वर्षी पुढे जाऊन ते माझ्या नावावर वाचत होतो!

रडू आलं. वर्गात, छोट्या बाकावर बसून. तिने पाणी दिलं. म्हणाली, "काकूंना सांगा. आधी त्यांना." सांगतो म्हटलं. "आज?" आज सांगतो म्हटलं.

नाही सांगितलं. घरी आलो तर ही शेजारणीला सांगत होती, शनिवारी मी ऑर्गन लावला हो! हातवारे करून पट्ट्या दाबून दाखवत होती. तिला कोणत्या तोंडाने सांगू की तुझ्या हसण्याने घात केला? तिला वाटेल तिनेच बिघडवला. उद्या सांगू.

१७ सप्टेंबर, गुरुवार

भिजत घोंगडं.

२० सप्टेंबर, रविवार

वाचलं. वेळ: आहे तेवढा. मालमत्ता: हत्यारं, ज्याला हवीत त्याला. कला: काही नाही.

डोकं वर काढलं तर लोक उभे राहिले होते, टाळ्या वाजवत होते. टाळ्या दिसतात, हे मला नवीनच. पाळकसाहेब जवळ आले, दाढी हलली. "का" एवढं ओळखलं. खरं सांगायची हीच वेळ होती. वेदी समोर, हातात कार्ड, ऑर्गनवाली वरून बघतेय.

मी म्हणालो, "गुडघे. जिना चढवत नाही."

देवाच्या घरात, समर्पणाचं कार्ड हातात धरून खोटं! गुडघे ठणठणीत आहेत. तिसऱ्या बाकावर ही डोळे पुसत होती, माझ्या गुडघ्यांसाठी. वर पाहिलं तर ऑर्गनवालीने मान खाली घातली होती.

आता माझ्याकडे काहीच उरलेलं नाही. त्याने उद्या विचारलं तर रिकामे हात दाखवीन. धुतलेलेसुद्धा नाहीत.

२१ सप्टेंबर, सोमवार

ही मात्र आनंदात आहे. रात्री तेल चोळलं माझ्या गुडघ्यांना! चोळू दिलं. "आता शनिवार माझा. या शनिवारी माळा आवरू. शनिवारपर्यंत तरी कोणाला धीर आहे म्हणा." खूप दिवसांनी इतकं बोलली. काही कळलं, काही "हं"वर सोडलं. शनिवारी सांगीन. माळा आवरता आवरता सहज सांगता येईल. हसेलसुद्धा कदाचित.

२३ सप्टेंबर, बुधवार. हॉस्पिटल

सकाळी ती माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढली. पडली. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. मधे एक भिंत, दार उघडंच. शेजारीण दोन भिंतींपलीकडून धावत आली. म्हणते, वीस मिनिटं हाका मारत होत्या हो तुम्हाला, आम्हाला वाटलं तुम्ही आहात घरात, बघाल. ती आली तेव्हा मी खेळाचं पान वाचत होतो. डोक्याला मार आहे, आत रक्त साचलंय, डॉक्टर बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. दुपारपासून ही काहीतरी बोलते आहे. ऑक्सिजनचा मास्क आहे, ओठ दिसत नाहीत. नर्सला खुणेने विचारलं, काय म्हणते? तिने कागदावर लिहून दिलं — तुमच्याशीच बोलताहेत, उत्तर द्या.