न दिलेली ओळख

रांचो लास पालोमास,
सांता इनेसचं खोरं, कॅलिफोर्निया
१७ सप्टेंबर १९२६

प्रिय अनसेल्मो,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. आम्ही इथे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

यंदा गवत लवकर वाळलं. तुझी करडी घोडी म्हातारी झाली, पण अजून परक्याला पाठीवर बसू देत नाही. मिरच्यांच्या माळा करून टांगल्या. तुझ्या वाटणीची माळ दरवर्षी टांगते आणि दरवर्षी शेजारणीला देऊन टाकते. मालकांनी टेक्सासचा नवा मुकादम आणलाय. आठवड्याभरात घोडा तयार करून दाखवतो. पापा म्हणतात, त्याने तयार केलेला घोडा संध्याकाळी माणसाकडे बघतसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात गावात घोडेस्वारांचे सामने झाले, ते तुला मी कशाला सांगायला हवं. आम्हीही आलो होतो. भिंतीवरच्या जाहिरातीत तुझा फोटो आणि खाली ॲन्सेल रॉबर्ट्स हे नाव मी आधीच पाहिलं होतं. पापांना सांगितलं नाही. पण दोर फेकलेला बघायचाय म्हणून ते हटूनच बसले.

आम्हाला मागच्या, उन्हातल्या फळ्यांवर बसवलं. कर्णा घेतलेला माणूस सांगत होता की ओरेगॉनच्या या ॲन्सेल रॉबर्ट्सचे आजोबा बैलगाडीतून अर्धा देश ओलांडून आले आणि त्यांनी ही विद्या या मुलखात आणली. आपले आजोबा, जे जन्मात सांता बार्बराच्या पलीकडे गेले नाहीत. मला आधी हसू आलं आणि मग अंगाचा तिळपापड झाला. दोर आपला, खोगीर आपलं, घोड्याला न मारता वर्षानुवर्षं वळण लावायची रीत आपली, आणि आम्हालाच ते नवल म्हणून ऐकवत होते.

तो कर्णेवाला सारखं 'डॅली, डॅली' म्हणत होता. पापांनी विचारलं, हे काय असतं? मी म्हटलं, आपलं 'दाले वुएल्ता'. वळसा घाल. त्यांच्या तोंडात झिजून एवढंच उरलंय.

पापा म्हणाले, "झिजलं तरी चालतंय ना? चालू दे."

मग तू आलास. मोतीबिंदूमुळे पापांना धड दिसत नाही, पण दोराचं ते मोठं, सैल कडं हवेत उघडलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"अंगठा?" त्यांनी विचारलं.

"वर आहे," मी म्हटलं.

खोगिराच्या खुंटाला वळसा घालताना ज्याचा स्वतःचा अंगठा दोरात सापडून तुटला, तो माणूस दुसरं काय विचारणार? तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण ते उभे राहिले होते. शेजारच्या एका गोऱ्याने हसून विचारलं, "काय रे म्हाताऱ्या, तुझ्या ओळखीतला आहे वाटतं?" मी तोंड उघडणार तोच पापांनी माझी बाही ओढली.

"नाही साहेब," ते म्हणाले. "असा मुलगा आमचा कुठून असणार?"

खाली बसल्यावर हळूच मला म्हणाले, "त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस, कूका."

इथवर जे टाळत आले ते आता लिहिते. तू कुंपणाजवळून गेलास. आमच्याकडे पाहिलंस. मग टोपी डोळ्यांवर ओढलीस आणि घोडा वळवलास. घरी येताना पापांना सांगितलं की त्या गर्दीत तुला आम्ही दिसलो नाही. त्यांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं, अनसेल्मो. तुझ्याबद्दल इतकं वाईट मला तू घर सोडलंस तेव्हाही वाटलं नव्हतं.

पापा अंथरुणावर आहेत. छातीत पाणी झालंय. पाद्री येऊन कपाळाला शेवटचं तेल लावून गेले. परवा त्यांनी पुन्हा विचारलं, त्याने आपल्याला पाहिलं होतं का? मी नाही म्हटलं. "खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. तिकडे तोंड करूनच म्हणाले, "त्याला पत्र टाक. पाकिटावर त्याचं ते नाव घाल, नाहीतर पोचायचं नाही."

ये म्हणून लिही, असं त्यांनी सांगितलं नाही. ते माझं मी लिहिते आहे. ये. माझ्या रागाचं आपण नंतर बघू, भांडायला मला जन्म पडलाय. त्यांना तेवढा वेळ नाही.

त्यांची खाट दारासमोर आहे. उजेडामुळे दारातला माणूस त्यांना नुसता काळा दिसतो, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारतात, कोण आलंय? तुलाही विचारतील. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी वाट पाहणारी बहीण,
रेफुजिया रोब्लेदो (कूका)