मलमाचे तीन हात

ती. ताईस,

तुझ्या रंगारी भावाचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझं बीपी? (गोळी घेतेस, की अजून "आज बरं वाटतंय" म्हणत डबीत परत ठेवतेस?) इकडे सगळे मजेत. मजेत काय म्हणतो, ताई, पोरीची खाज गेली! कोपराच्या आतला तो लाल चट्टा, गुडघ्यामागची ती सालपटं, सगळं गेलं! मी इतका खूश आहे की काल एका गिऱ्हाइकाची खिडकी फुकट रंगवून दिली.

पण हे सुखासुखी झालं असं समजू नकोस. डॉक्टरबाईंनी आम्हा बापलेकीला इसब आहे असं सांगितलं आणि दोन ट्यूब दिल्या. माझ्या तळहातांसाठी जोरदार, तिच्यासाठी सौम्य, दोन्हींत स्टिरॉइड. हा शब्द फोनवर ऐकून तू जी ओरडलीस, "कातडी पातळ होईल लेकराची!", ते माझ्या डोक्यात बसलं. मग मी स्वतःची अक्कल चालवली. पोरीचं मलम मॉइश्चरायझरमध्ये कालवलं, रंगात थिनर घालतो तसं, आणि जेमतेम बोट फिरवलं. स्वतःसाठी मात्र कंजुषी केली नाही. घासल्याशिवाय मी कशालाच रंग लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा आधी तळहातांवर बारीक पॉलिश पेपर मारला (मलम नीट धरावं म्हणून), मग एकावर एक तीन हात दिले, मध्ये पंख्याखाली वाळवून. पोरगी खाजवून खाजवून रडायची आणि माझे तळवे असे पेटले की ब्रश धरवेना.

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, भिंत आहे का ती?" मग माझ्याच बोटावर दाखवलं. टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ ओढायची. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दिवसातून एकदा, फक्त चट्ट्यांवर, काही न मिसळता. मॉइश्चरायझर वेगळं, थोड्या वेळाने, सढळ हाताने. आणि तुझी भीती? जोरदार मलम भलत्या जागी महिनोन्महिने चोपडलं तर ती खरी. सांगितल्याप्रमाणे लावलं तर सहसा काही होत नाही. उलट भिऊन कमी लावल्यानेच पोरीचं दुखणं लांबलं होतं. हे ऐकून पोरीने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहीत नाही.

आता ती बिनबाह्यांचा फ्रॉक घालून सगळ्या गल्लीला कोपरं दाखवत हिंडते.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्यामागे आज पुन्हा जराशी लाली दिसतेय. (वर "सगळं गेलं" लिहिलंय ते खोडत नाही, अक्षर फार छान आलंय.) बाई म्हणाल्या, इसब असं येतं-जातं, दिसलं की लगेच मलम सुरू करा. आणि नेमकं आम्हा दोघा नवराबायकोला आठवडाभर बाहेरगावी कामावर जायचंय. तेव्हा तू ये. पोरीला मलम तुलाच लावायचंय, आणि माझ्यासारखं चोरून कमी लावायचं नाही.

आणखी एक. पोरगी म्हणते, आत्याला सांगा, भीती वाटली तर मलम लावताना मी तिचा हात धरीन.