दोनच इंच

वहिनी,

पिकअप घेऊन गॅरेजला चाललोय. बाबा झोपलेत, उठवलं नाही. त्यांचा चहा तेवढा बघ.

काल तू गाडी जॅकवर सहा इंच चढवलीस आणि माझ्या गुडघ्याला लाटणं बांधून म्हणालीस, "आता बस बघू सीटवर." मी तीनदा घसरलो, वर तुझ्यावरच चिडलो आणि न जेवता झोपलो. गाडी सहा इंच उंच करून घ्यायच्या नादात बाबांचा ऑपरेशननंतर नीट न वाकणारा गुडघा माझ्या डोक्यातच आला नव्हता. रोज माझ्या शेजारी बसणारा माणूस मी घरी बसवणार होतो. वेळेवर अडवलंस, फार बरं केलंस.

सकाळी मेस्त्रींना फोन केला. तेही म्हणाले, "जोर मागच्या दोनच चाकांना. सहा इंच उचललीस तरी चिखलात रुतायची ती रुतणारच, फक्त ऐटीत रुतेल." तेव्हा सस्पेन्शन दोनच इंच उचलून घेतोय, आणि बाबांच्या बाजूला एक पायरी.

लाटणं धुऊन जागेवर ठेवलंय.

बाबांपुढे गुडघ्याचा विषय काढू नकोस. विचारलं तर सांग, या गाडीला एवढंच झेपतं, आणि पायरी तुला लागते.

तुझा घसरलेला दीर