रंग तसाच ठेवलाय

नारायणगाव,
३ डिसेंबर २०२४

प्रिय शीलावहिनी,

हर्षालीचा नमस्कार. बाबांचा खोकला कमी झाला का? आरोहीला सांग, आत्याने लाल स्वेटर घेतलाय. इथे लग्नाच्या व्हिडिओंची रांग लागलीय, जेवायलाही उसंत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

सिनेमाचा ट्रेलर झाला. ट्रेलर म्हणजे नुसती पळापळ असते गं, एक शॉट डोळ्यांत भरायच्या आत दुसरा यायला हवा. अमृतदादाचा त्यात एकच शॉट. पिशवी घेऊन उंबरा ओलांडतो, मागे वळतो आणि "आईला जपा" म्हणतो. तो मी अगदी शेवटी ठेवून, हळूहळू रंग उडवत काळापांढरा केला होता. आमच्या दिग्दर्शकाला, भरतला, फार आवडलं. मलाही वाटलं, दादाचा मान राखला.

निमगावला येऊन तुम्हाला दाखवलं, तर बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. आरोही म्हणाली, "पप्पांचा अजून एक फ्लेक्स." तू उठून आत गेलीस. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससमोरून तू मान खाली घालून जातेस आणि मी तोच तुझ्या घरात आणला. हे मला एसटीत बसल्यावर कळलं. खूप रडले.

काल सगळं मोडून पुन्हा जोडलं. दादा आता मधे आहे, भर गडबडीत, त्याच्या निळ्या शर्टासकट. पुढे अंधार नाही, काही विरत नाही, थेट अंगणात खेळणारी पोरं येतात. फक्त त्याच्यापाशी मी घाई केलेली नाही. भरत कुरकुरला, "इथं लई रेंगाळतंय राव, लोकं कंटाळतील." म्हटलं, कंटाळू देत.

आता जे लिहायला इतका वेळ लावला ते. सोबत पेनड्राइव्ह आहे. उंबऱ्याचा तो शॉट शिनोलीच्या शूटिंगचा, त्याच दिवशीचा. संध्याकाळी परतताना दादाच्या मोटरसायकलला अपघात झाला. "कट" म्हटल्यावरही कॅमेरा थोडा वेळ चालूच राहिला होता. कांदे निवडता निवडता तू त्याच्याकडून वाक्यं घोकून घ्यायचीस ना? पेनड्राइव्हवरच्या त्या उरलेल्या तुकड्यात तो कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि म्हणतो, "शीला, एकदा पण अडखळलो नाय बघ."

हे सिनेमात नाही. कुणालाही दाखवलेलं नाही. तुला जमेल तेव्हा बघ, नाही जमलं तर कपाटात राहू दे. घरी येऊन तो तुला हेच सांगणार होता. पोचवायला मला उशीर झाला, वहिनी.

तुझीच,
हर्षाली