शुक्रवारच्या तासाला आई

फुलचूर, गुरुवार

प्रिय दादा,

स्थलांतर आणि आंतरसांस्कृतिक संबंध शिकणाऱ्या तुझ्या जर्मनीतल्या वर्गापुढे आईने उद्या व्हिडिओ कॉलवर छत्तीसगढीत बोलावे आणि मी भाषांतर करावे, असे तू कळवले आहेस. मला संताप आला. कारण क्रमाने सांगते.

माणूस हलतो तेव्हा त्याची भाषाही हलते, हे मी सहावीच्या वर्गाला फळ्यावर बाण काढून मोठ्या हौसेने समजावते. आईचा बाण छत्तीसगढमधल्या माहेराहून, डोंगरगडहून, महाराष्ट्रात सालेकशाला सासरी येतो. तो पुसला कोणी? तू आठवीत होतास. पालकसभेत तिने तुला छत्तीसगढीत "मोर बेटा", माझा मुलगा, म्हटले आणि मुले हसली. घरी येऊन तू ओरडलास, "माय, हे बोलणं बंद कर! कायले माझं हसू करून राहिली?" बाबांनीही तुझीच बाजू घेतली. तिने त्या दिवसापासून खरोखरच बंद केले. आता प्रवेशाच्या निबंधात तीच बोली तुझा 'वारसा' झाली!

आईला तुझा निरोप सांगितला. तांदूळ निवडता निवडता ती हसली.

"बोलीन ना, बाई. त्याले रागावू नोको. पन तुमाले दोघाइले समजते का?"

तिच्या शब्दाखातर हे पत्र मी पाठवणार नाही. पण तिची छत्तीसगढी मलाही समजत नाही, दादा. तू ओरडलास तेव्हा मी तीन वर्षांची होते. उद्या ती बोलेल, आणि भाषांतर करायला या घरात कोणीही नसेल.

तुझी बहीण,
दुर्गेश्वरी