तबकडीतली म्हातारी

५ जानेवारी, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं. नातीने, दिपिकाने, ऑफिसातून डायरी आणून दिली. पानं गुळगुळीत आहेत, फुकट घालवायला जिवावर येतं. तिचं लग्न होईपर्यंत घरात काय काय चालतं त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. सून सीमाला वेळ नाही, मुलगा हरेशला अक्कल नाही. राहिले मी.

होणारा नातजावई आला. मितेश, तुळिंजचा. बरोबर त्याचा मित्र क्लेटन. दोघांनी एक पेटी, दोन स्पीकर आणि एक काळी तबकडी आमच्या ओटीवर मांडली. तुळिंजच्या सोसायटीत आवाज केला की खालचे भांडायला वर येतात म्हणे. म्हणून आमचं गाव, चांदीप. म्हणजे चांदीपच्या लोकांना कान नाहीत.

गाणी स्पॅनिश. रॉक. एकालाही शब्द कळत नाही. दिपिकासकट तिघं डोळे मिटून बसले, मयताला बसावं तसे. मध्येच क्लेटन म्हणाला, ओह. मितेश म्हणाला, बघितलंस? काय बघितलं देव जाणे, डोळे तर बंद होते.

ठराव : पुढच्या रविवारच्या आत पेटी घराबाहेर.

८ जानेवारी, बुधवार

दिपिकाला समोर बसवून विचारलं, काय आहे त्या तबकडीत? म्हणाली, आजी, असं आधी कुणी केलंच नव्हतं. त्यांच्या गावातल्या बायांची शेतावरची गाणी आणि इलेक्ट्रिक गिटार, एकत्र. ड्रमच्या जागी पाण्याची टाकी बडवलीय. मी म्हटलं, आपल्याकडे टाकी बडवली की बाप कानाखाली देतो. म्हणाली, जगभर लोक वेडे झालेत. म्हटलं, तेवढं पटलं.

या गाण्यांवरूनच दोघांचं जमलं म्हणे. आमच्या वेळेला पत्रिकेवरून जमायचं. ती तरी वाचता यायची.

पेटी घरातच आहे. जड आहे. माझी कंबर बरी नाही.

१२ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

प्लॅन असा : त्यांनी पेटी लावली की मी मिक्सर लावायचा. आधी आलं-लसूण, मग खोबरं, मग नुसताच रिकामा.

पहिल्या गाण्याला लावला. दुसऱ्याला लावला. तिसऱ्याला लावला नाही, मिक्सर तापला होता. त्या गाण्यात टाकीचा ठोका जरासा मागे पडतो. आधी वाटलं, वाजवणारा चुकला. पण दर वेळी तेवढाच चुकतो, म्हणजे चुकत नाही, मेला मुद्दाम करतो. कानावर पडलं म्हणून लिहिलं. लक्ष नव्हतं माझं.

चौथं गाणं अगदीच टुकार. तोपर्यंत मिक्सर गार झाला होता. लावला.

क्लेटन पाणी प्यायला आत आला आणि म्हणाला, आजी, तुम्ही बरोबर चौथ्याला परत लावलात हां, मलापण ते बोअर होतं. फाजील कार्टं. याच्या आईला भेटलं पाहिजे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

माझी जाऊ रुक्मिणी तिळगूळ घेऊन आली. लाडू दगड. दाराशीच म्हणाली, पानी दे गो आधी, ऊन काय पडलंय. पाणी दिलं आणि हळदीचा विषय काढला.

आम्हा आगऱ्यांत हळद लागते ती धवल्यांवर, लग्नाच्या गाण्यांवर. धवले गाणारी ती धवलारीण. या भागातली धवलारीण मी. मी ओळ टाकायची, रुक्मिणीने आणि बाकीच्या बायांनी झेलायची. अलीकडे बोलावणी येत नाहीत हे खरं. लोकांना माझ्या गुडघ्यांची काळजी वाटते, म्हणून बिचारे डीजे आणतात.

पण दिपिकाची हळद माझ्याच गळ्यावर लागणार. ती जन्मली तेव्हाच ठरलंय. रुक्मिणी म्हणाली, दिपिकाला सांगितलंस का? म्हटलं, सांगायचं काय त्यात? सूर्याला उगव म्हणून सांगतो का आपण?

१९ जानेवारी, रविवार

आज तबकडी उलटली. त्या बाजूला एक गाणं आहे. ऐकलं नाही, ऐकू आलं. त्यात सगळं एकदम थांबतं. गिटार, टाकी, सगळं. आणि एक म्हातारी एकटी एक ओळ गाते. त्या बँडवाल्यांपैकी कुणाची तरी आजी म्हणे. एक ओळ गाते आणि गप्प. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुन्हा धिंगाणा.

मितेश म्हणतो, हीच खरी कमाल. ती शांतता म्हणजेच गाणं, ऐकणाऱ्याने तिच्यात बसायचं. परदेशात त्यावर लेख आलेत. गप्प बसण्यावर लेख! आमचे हे जन्मभर गप्प बसले, त्यांच्यावर कुणी चार शब्द लिहिले नाहीत.

धवल्यात हे चालत नाही. एकीने ओळ टाकली की बाकीच्यांनी तीच ओळ, तशीच, लगेच उचलायची. ओळ खाली पडली तर मांडवाला चांगलं नाही. माझ्या आईने मला हे चापट्या मारून शिकवलं. इथे त्या म्हातारीची ओळ दर रविवारी धाडकन खाली पडते आणि ही शिकलेली माणसं माना डोलवतात. अरे, उचला की कुणीतरी!

मी आत कांदा चिरत होते. जरा घसा खाकरला. सीमा म्हणाली, आई, तुम्ही आत्ता गायलात? म्हटलं, कांदा झोंबला. सीमाला कानाचा काहीतरी त्रास सुरू झालेला दिसतो. हरेशला सांगितलं पाहिजे.

२६ जानेवारी, रविवार

नवा प्लॅन. रुक्मिणीला त्यांच्यात बसवलं. हेर म्हणून. काम एकच, तबकडीत खोट काढायची आणि सगळ्यांच्या देखत बोलायची. हिच्या तोंडाला लागायची गावात कुणाची हिंमत नाही.

बसली. खुर्ची घेऊन बसली. वेफर्स खाल्ले. म्हातारीचं गाणं लागलं तसा हिचा हात पुडीतच थांबला. नंतर आत येऊन मला काय सांगते, ती बाय सोता रडत नाय, पन दुसऱ्याला रडवते गो.

म्हटलं, खोट काय काढलीस? म्हणाली, वेफर्स खारट हुते.

पुढच्या रविवारी मला लवकर बोलवा असं क्लेटनला सांगून गेली. बाटली. इतकी वर्षं माझ्या ओळी झेलल्या आणि एका पुडीत बाटली.

२ फेब्रुवारी, रविवार

डोकं तापलंय. अक्षर वाकडं आलं तरी तसंच राहू दे.

जेवताना दिपिका म्हणाली, हळदीला डीजे नको. मी मनात म्हटलं, शाबास, माझ्यावर गेलीय. पुढे म्हणाली, मितेश आणि मी ठरवलंय, दोघांची हळद एकाच मांडवात आणि हळद लागताना तीच तबकडी लावायची. तिच्यामुळेच तर जमलं आमचं.

मी ताट सारलं. म्हटलं, मांडवात एकतर ती तबकडी, नाहीतर मी. विचार करा आणि सांगा. घाई नाही.

चांगलाच दणका बसला. हरेशने तर मान वरच केली नाही, वरण ओरपत राहिला.

३ फेब्रुवारी, सोमवार

माफी मागायला अजून कुणी आलं नाही. लाजत असतील. घसा बसू नये म्हणून दही बंद केलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दिपिका आली. मी तोंड फिरवून बसले. गळ्यात पडून म्हणाली, आजी, तू किती समजूतदार आहेस गं! मला वाटत होतं, गाण्यावरून तू रागावशील. तू स्वतःच सुटका केलीस. आता हळदीला तू आरामात बस, नुसतं बघ.

नुसतं बघ म्हणे! पण हा तिचा बोलायचा धांदरटपणा आहे. आयत्या वेळी बाया तबकडीसमोर भांबावणार, कुणी काय म्हणायचं कुणाला कळणार नाही, आणि मग धावत येतील. दार वाजवतील. मी लगेच उघडणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

आज संध्याकाळी हळद. मी मांडवात पाय ठेवणार नाही. मांडवाला लागून भाताची कोठी आहे, पत्र्याची. तिथे खुर्ची, पाण्याची बाटली आणि लवंग नेऊन ठेवली. लवंग सहज, तोंडाला चव म्हणून.

ठराव : तीनदा विनवण्या केल्याशिवाय बाहेर यायचं नाही.

सीमाला सांगितलं, मी कोठीत आहे, कुणी शोधलं तर सांग. म्हणाली, बरं आई, तिकडे गोण्यांवर पापडाच्या पिशव्या आहेत, त्यावर बसू नका.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

लग्नाला निघायचंय. थोडक्यात लिहिते.

दार कुणी वाजवलं नाही. एकदा वाजलं, तो केटररचा माणूस, टोप शोधत होता.

तबकडी लागली. बाया हळद लावत होत्या, नुसत्या, मुक्याने. तिसऱ्या गाण्याला कुणीतरी ठोक्यावर टाळ्या वाजवायला गेली आणि ठोका चुकली. गाढव. तो ठोका मागे पडतो हे इतक्या दिवसांत कळू नये?

मग म्हातारीचं गाणं आलं. सगळं थांबलं. म्हातारीने ओळ टाकली आणि गप्प झाली. माझ्या नातीच्या अंगाला हळद लागतेय, मांडव भरलेला, आणि ओळ जमिनीवर पडतेय.

मी झेलली. तीच ओळ, तशीच, स्पॅनिशमध्ये. शब्द कधी तोंडात बसले मला माहीत नाही, मी काही ऐकत नव्हते. जागा मोठी होती म्हणून दोनदा गायले, दुसऱ्यांदा वर चढवून. पत्र्यामुळे आवाज घुमला. बरोबर गिटार सुरू व्हायच्या आत सोडली.

बाहेर टाळ्याच टाळ्या. शेवटी माझ्याशिवाय चाललं नाही. जिंकले. आता येतील सगळे कोठीत, म्हणून केस नीट केले आणि बसून राहिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लग्न झालं. नात गेली. कोठीत अजून कुणी आलेलं नाही.

आज क्लेटन पेटी न्यायला आला. तोंडभरून बोलत होता. हरेशला सांगतो, काका, आम्ही ही तबकडी किती वेळा ऐकली, पण त्या शांततेत दुसरी बाई गाते हे कधी ऐकूच आलं नव्हतं! लपवून ठेवलाय तो आवाज. मांडवातल्या मोठ्या स्पीकरवरच निघाला. काय बँड आहे! मितेश तर हळद लागलेल्या अंगाने उभा राहिला. क्लेटनने इंटरनेटवर लिहिलंय. बाहेरच्या देशातले लोक विचारतायत, तुमची तबकडी कुठल्या छापाची? आमच्या तबकडीत का नाही ती? भांडतायत आपसात.

मी चहा गाळत होते. सांगणार होते. पण सांगायचं काय? मी ऐकत नाही म्हणून घरभर सांगितलंय. मांडवात पाय ठेवणार नाही म्हणूनही सांगितलंय. त्या गाण्याला शिव्या घालणारी मी, मीच गायले म्हणू?

तेवढ्यात रुक्मिणी आली. म्हटलं, ही ओळखेल. जन्म माझ्या गळ्यामागे काढलाय हिने. बसली आणि म्हणाली, धोंडू, तू उगाच रुसलीस गो. ती मागची बाय ऐकायला पायजे हुतीस. गला म्हंजे गला! श्वास कुठे घेते कलत नाय. तुझा पन बरा हुता एके काली, पन तसा नाय.

चहात साखर घातली नाही मी तिच्या.

जाता जाता म्हणाली, महिन्याभराने तिच्या नातवाची हळद. क्लेटनला सांगून ठेवलंय, तीच तबकडी, तेच स्पीकर, दोन म्हाताऱ्यांचं गाणं लावायचंच. क्लेटन हो म्हणाला. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणणार होते.

आता तिथे तबकडी लागणार, ती एकटी म्हातारी ओळ टाकणार, आणि भरल्या मांडवात ती ओळ खाली पडणार. पडू दे. माझं काय जातंय?

सीमाकडून सहज चौकशी करून घेतली. रुक्मिणीच्या मांडवामागे कोठी नाही. म्हशींचा गोठा आहे.

पत्र्याचाच आहे. चालेल.